डावी बाही

गंगावेशीतून आत, सायकलवाल्याच्या पुढं.
पाटी नाही. दारात लोकरीच्या लडी टांगलेल्या,
ठिबकत असल्या तर समजायचं, दुकान उघडं आहे.

शशिकला निराळे.
"आडनाव निळीवरनं आलंय," पहिल्याच दिवशी म्हणाली,
"वेगळं काय न्हाई आमच्यात."
कोपरापर्यंत मात्र तिचे हात
कुठल्याच माणसाच्या रंगाचे नव्हते.

मागच्या मोरीत पातेली. एकात डाळिंबाची सालं, एकात मंजिष्ठा,
आणि फडकं बांधलेल्या मडक्यात
घोड्याचे गंजके नाल, गुळाच्या पाण्यात
पंधरा दिवस आंबत पडलेले.
"गूळ काळा घ्यायचा, पाझरलेला.
खायला वाईट त्यो रंगाला बरा."
त्या वासानं मी तेव्हा पदर नाकाला लावला होता.
आता कपाट उघडलं की तोच येतो.

मी मागितला होता
काळा होता होता राहिलेला रंग.
तिनं विचारलं नाही कशाला.
डाळिंबावर लोखंड चढवलं, तीनदा बुडवलं,
आणि आला तो रंकाळ्याच्या पाण्याचा होता,
भेळवाल्यांचे दिवे लागायच्या आधीचा.

कोल्हापुरात स्वेटर कशाला, म्हणतात लोक.
त्यांना मंगळवार-शुक्रवार ठाऊक नाहीत.
यंत्रातून फिरून रक्त परत येतं,
आणि भर एप्रिलात ह्यांना हुडहुडी भरते.
खुर्चीशेजारच्या स्टुलावर चार तास मी
सुलट दोन, उलट दोन.
यंत्र वाजलं की टाका चुकतो.
उसवते. पुन्हा घालते.

डाव्या हातात सुया टोचतात त्यांच्या,
जाड, माझ्या नऊ नंबरच्या नसल्या तरी.
म्हणून डावी बाही शिवलीच नाही;
खांद्यापासून मनगटापर्यंत अकरा काजं,
अकरा बटणं. मेघना सिस्टर म्हणाली,
मावशी, हे डोकं कुणाचं?

आणि कोपराशी लोकर संपली.

शशिकलानं तुकडा उजेडात धरला, बराच वेळ.
"तसाच दुसऱ्यांदा येत न्हाई वो.
तवाचा नाल टांग्याच्या घोड्याचा हुता.
आता टांगाच गेला.
एकासारखं एक पायजे तर
लक्ष्मीपुरीत जावा, पोत्यानं मिळंल."
मी गेले नाही. बाकड्यावर बसून राहिले.
संध्याकाळी तिनं लड पिळून हातात दिली,
ओलीच. जरा हिरवट, जरा उघडी.
"धाकटा भाऊ म्हणा त्याचा," म्हणाली,
आणि पैसे निम्मेच घेतले.

आता हे.
एकतीस वर्षं शिरोलीच्या कारखान्यात तपासनीस,
खिशात व्हर्नियर, कानावर खडू.
केसाएवढा फरक असला तरी
कास्टिंगवर लाल फुली मारून परत पाठवणारे.
एकदा घरच्या चहाच्या कपांवरही मारली होती,
सहातल्या दोनांवर.
मी स्वेटर दिला तो घडी घालून,
डावी बाही आत दुमडून.

त्यांनी उलगडला.
अंगठा फिरवत फिरवत कोपराशी आले,
जिथं थोरला संपून धाकटा सुरू होतो.
चष्मा वर केला. पुन्हा खाली केला.
"बॅच वेगळी आहे," म्हणाले.

मी म्हटलं, हो.

यंत्राला अजून दहा मिनिटं होती.
त्यांनी हात आत घातला,
आणि वरून एकेक बटण लावत गेले स्वतःच,
सात लावली, खालची चार सिस्टरसाठी उघडी ठेवली.
पलीकडच्या खुर्चीतले तडवळेकर बघत होते.
त्यांना म्हणाले, हात लावून बघा,
गूळ आहे ह्यात.

लडीतली लोकर थोडी उरली आहे.
गुंडा केलाय. पिशवीत असतो, बिस्किटांजवळ.
काय विणायचं ते ठरलेलं नाही.
गेल्या शुक्रवारी
नुसते साठ टाके घालून ठेवलेत.