लेखनिक

गोळीबार चौकामागच्या शाळेत,
तळमजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत
आम्ही दोघंच. आणि पर्यवेक्षक धकाते बाई,
आणि गवत न बदललेला कूलर,
मार्चातच नुसती धूळ फेकणारा.

मी नववीतला. ती दहावीची, मृणाली निनावे.
तिला दिसत नव्हतं;
मला, माझ्या मते, सगळं दिसत होतं.
काम सोपं सांगितलं होतं:
प्रश्न वाचायचा, ती सांगेल ते लिहायचं,
आपलं डोकं दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचं.

पहिला प्रश्न मी एका दमात वाचला,
बर्डीला ऑटोवाले सवारी ओरडतात तसा.
ती म्हणाली, "पुन्हा वाच."
वाचला.
"पुन्हा. अन् आता पळू नको ना."

तिसऱ्या वेळी मला पहिल्यांदा ऐकू आलं
की वाक्याच्या शेवटी कुणीतरी उभं आहे
आणि काहीतरी मागतं आहे.
नुसतं 'लिहा' नाही म्हणत ते,
'फरक स्पष्ट करा' म्हणतं.
"म्हणजे दोघांले एकाच खाटेवर बसवा लागते," ती म्हणाली,
"एकाचंच कौतुक केलं का दुसरा रुसते.
मार्कही रुसते."
धकाते बाई खोकल्या. हसू लपवायला असावं.

तिच्या घरी माग होता, गल्लीतला शेवटचा.
धागा कुठे तुटला
हे ती वडलांच्या आधी कानानं सांगायची.
धोटा तर धावतच राहते, म्हणाली,
त्याले काय समजते.
हे मला उद्देशून होतं की नाही, ठाऊक नाही.

भूगोलाच्या दिवशी
'नदीकाठी दाट वस्ती का आढळते?' मी वाचलं.
ती गप्प. बोटं बाकाच्या कडेवरून फिरत राहिली,
कुणीतरी कर्कटकानं कोरलेल्या एका नावावरून.
"तू शब्द गिटला एक."
नाही, म्हणालो.
"गिटला. मधात तुझा आवाज खड्ड्यातून गेला."
पाहिलं. एक नाही, तीन होते:
'आपल्या परिसरातील उदाहरणासह'.

मग तिनं नाग नदी सांगितली,
जिला आम्ही नाला म्हणायचो
आणि नाक दाबून पूल ओलांडायचो.
काठाला आधी कोण आलं,
सूत रंगवायला पाणी किती लागायचं,
मग विहिरी झाल्या, मग नळ,
मग नदीकडे सगळ्यांनी पाठ केली.
मला वाटलं, पान भरेल, पुरवणी लागेल.
"बस," ती म्हणाली.
"दोन मार्काचा हाय.
त्यानं गिलासभर मागतलं, अख्खी विहीर कायले देतं?"

एका प्रश्नापाशी ती फार वेळ थांबली.
चारदा वाचून घेतला.
"समजला," म्हणाली, "पण उत्तर येत नाही. कोरा सोड."
मला येत होतं.
पेन कागदाच्या एक बोट वर थांबलेला,
आणि तिला ते दिसत नसूनही
तिनं तोंड माझ्याकडे वळवलं.
मी कोरा सोडला.
तोवर मी न समजलेल्या प्रश्नांचीही
पानंच्या पानं भरत आलो होतो,
उत्तर येतं एवढ्याच जोरावर.

पुढल्या वर्षी मानेवाड्याचं केंद्र.
घंटा झाली, आणि हॉलभर
पेनांची टपटप सुरू झाली, पत्र्यावर दाणे पडावेत तशी.
मी ओठ हलवत होतो.
"काय रे, कोणाशी बोलतोस?"
प्रश्न वाचतोय, सर.
"मग डोळ्यांनी वाच. पाठांतर आहे का हे?"

मान खाली घातली. डोळ्यांनी वाचला.
सोपा होता. पाठच होता. पेनाचं टोपण काढलं.
पुन्हा, कुणीतरी म्हणालं,
अन् आता पळू नको ना.

ओठ मिटून वाचला, शब्दाला शब्द धरून.
'खालीलपैकी न जुळणारी जोडी ओळखा.'
तो 'न'
इतका बारीक, इतका शहाण्यासारखा
दोन शब्दांच्या मध्ये उभा होता.