हार्ड

पद्मलनं विचारलं, पप्पा, हार्ड म्हणजे?
तिच्या वहीत आधीच लिहिलंय : कठीण, अवघड.
खाली एक ओळ मोकळी. वाक्यात उपयोग करा.

म्हटलं, थांब, हात धुऊन येतो.

हा शब्द आम्हाला कुणी शिकवला नाही.
अख्ख्या उद्यमनगरात रोज चारदा ऐकू येतो.
ओतीव माल घाईनं गार झाला
की कुठंतरी एक ठिपका राहतो
काचेगत पांढरा.
वरनं कळत नाही.
टूल तिथं पोचलं की किंचाळतं,
ठिणगी, आणि टोक गेलं.
मग पत्र्यापलीकडनं शेजारचा लेथवाला
हातातलं काम न थांबवता म्हणतो,
"हार्ड लागलं व्हय?"

शेजारचा लेथवाला म्हणजे बाळगोंडा.
तुझा काका.
शेड वाटून घेतली त्याला आठ वर्षं झाली.
तेवढंच बोलतो.

इलाज आहे त्यावर, पोरी.
माल परत भट्टीत घालायचा,
लाल होऊ द्यायचा,
आणि भट्टी विझवून, दार लावून
आपण घरी यायचं.
रात्रभर आतल्या आत, सावकाश, गार.
सकाळी लोण्यागत कापतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं.
पेन्सिलीला टोक केलं.
लिहिलं : मॅथ्स इज हार्ड.

बाईंनी बरोबरची खूण केली.