दुमची

कंपूवरची वरात पोचवून अडीचला परतलो.
धुकं असं, की रेवडीला
पुढे चाललेली गजकही दिसत नसावी.
आवाज आधी आला,
ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाड पडावी तसा, एकच.
मग नालांची घसर.
मग काहीच नाही.
रेवडी तीन पायांवर उभी.

टॉर्चच्या उजेडात
उजव्या पुढच्या पायाच्या नळीवर
नालाचा अर्धा चंद्र,
आणि कातडं पाकिटाच्या झडपेसारखं उघडं.
हेरंब म्हणाला, आई, हाड दिसतंय.
मी म्हटलं, तू बघू नकोस, नळी आण पाण्याची.

जानेवारीत शिंदे की छावणीतलं पाणी
हाडापर्यंत चावतं. तेच हवं होतं.
वीस मिनिटं धार धरायची, वरून खाली.
घड्याळ आत राहिलेलं, म्हणून पाढे म्हटले,
बेपासून तिसापर्यंत, पुन्हा बेपासून.
एकोणतिसाचा दोन्ही वेळा चुकला.
रेवडी थरथरत होती, पण पाय काढून घेतला नाही.
गळ्यात अजून झेंडूची माळ होती,
ती काढायचं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी कुशवाह डॉक्टरीणबाई आल्या, कानटोपी घालून, स्कूटरवर.
सलाइनने जखम धुतली, बोटाने आत चाचपलं,
सांध्यापर्यंत गेलेलं नाही म्हणाल्या.
धनुर्वाताचं इंजेक्शन मानेत.
मग कापूस, मग पट्टी.
मग तसाच कापूस आणि तशीच पट्टी
डाव्या पायालाही.
याला काय झालंय, मी विचारलं.
काही होऊ नये म्हणून, बाई म्हणाल्या,
आता सगळा भार यावरच.

हे वाक्य घेऊन मी दिवसभर मशीनवर बसले.
हेरंबच्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
सुई दोनदा तुटली.

इद्दू नालबंद गजककडे बघून म्हणाला,
बाई, इसको निकाल दो, ये आदत छूटती नहीं.
तिला आम्ही लांब बांधलं होतं, भिंतीच्या टोकाला, पिछाडी घालून.
बरसीम पुढ्यात टाकायची आणि वळायचं,
रुसवा धरून वाढतात तसं.
खरारा नाही. नावाने हाक नाही.
रेवडी तेवढी पट्टी बदलताना
मान तिकडे करून उभी राहायची.

सातव्या दिवशी लक्षात आलं,
गजक शेपूट दाबून धरतेय,
आणि माशांचे तर हे दिवस नव्हेत.
हेरंबने तोंडाशी गुळाचा खडा धरला,
मी कडेने शेपूट उचलली.
खाली दोन बोटं लांब चर,
लाल, ओला,
आणि त्यात रुतलेली कलाबतूची एक तार.

तार माझी.
देवउठनीच्या मुहूर्ताआधी रात्र जागून
शिवलेली दुमची, मखमल, आरसे, दुहेरी जर.
अस्तर लावायचं राहून गेलं होतं.
नंतर लावू म्हटलं होतं, कोण बघतंय.
वऱ्हाडी आरसे बघतात.
आतली बाजू घोडी बघते,
रोज, चार तास, नवरदेवाचं वजन पाठीवर घेऊन.
आणि त्या रात्री थंडीत ऊब शोधत
रेवडीने नेमकं तिथेच नाक लावलं असणार.

आता दोन घमेली. एकात गार, एकात कोमट मीठपाणी.
मलमाच्या दोन डब्या, एकीवर र, एकीवर ग.
फेब्रुवारीचे चार बयाणे
हेरंब परत करून आला, एकाने शिव्या दिल्या.
दुमचीची शिवण मी उसवली.
आरसे बरणीत आहेत,
मखमलीचं काय करायचं ठरलेलं नाही.

काल रेवडीने पाय टेकला.
पूर्ण नाही, खुराचं टोक,
पाणी गरम आहे का बघावं तसं.
गजक अजून मला शेपटीला हात लावू देत नाही.
मी मागून जात नाही.
पुढून जाते, उभी राहते,
आणि आधी तिला
माझी बोटं हुंगू देते.