माप

थर्स्टन पिम स्वतःच आला शवपेटीचं माप द्यायला,
चिखलाचे बूट दाराशी काढून.
"सहा फूट," म्हणाला.
फीत पाच-दहावरच थांबली.
उरलेले दोन इंच कुठे गेले
ते दोघांनीही विचारलं नाही.

सॉमरसेटच्या दलदलीतल्या वाळुंजाच्या काड्या
आठवडाभर हौदात भिजत होत्या;
ओल्या असतात तोवरच ऐकतात.
तळ विणला, कड वर घेतली.
खिळा नाही, वार्निश नाही,
मातीला सोडवता येणार नाही
अशी एकही गाठ नाही.

"अस्तर?"
"लोकरीचं. माझ्याच मेंढ्यांचं.
जन्मभर मीच कातरल्यात त्या,
एवढं देणं लागतात."

पेटी तयार झाली तेव्हा आत झोपून पाहिलं त्याने.
डोळे मिटले नाहीत.
"कोपराशी टोचतंय."
मी ते टोक छाटलं.
वीस वर्षांत
तक्रार करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मग मेंढ्यांच्या ट्रेलरमधून घरी नेली.
ऑक्टोबरात त्याची बायको भेटली बाजारात:
सफरचंदं ठेवलीत तिच्यात, म्हणाली,
काड्या वाळताना रात्रभर करकरतात,
आणि हा झोपेतच ओरडतो,
"थांब जरा,
अजून रिकामी नाही!"