पाण्यावर पाठ

एकोणिसावा जून. सकाळचे सात.
गॅल्व्हस्टनच्या तलावात, उथळ बाजूला,
एकसष्ट वर्षांची मी, जांभळी टोपी घालून,
कडेचा दांडा सोडत नाही.
"सोडा, मिस ओझेला," शिकवणारा पोरगा म्हणतो.
त्याला काय जातंय म्हणायला.

आमच्या घरात पाण्यावर कुणी पाठ टेकली नाही.
आईच्या लहानपणी गावात तलाव होता;
आम्हांलाही येऊ द्या, असा हुकूम आला
तर त्यांनी तो खडी ओतून बुजवला.
अजून तिथं गाड्या उभ्या असतात.

आणि फार मागची ती एक,
वहीत जिचं नावही नाही,
नुसतं: बाई, वय सतरा, दात चांगले.
समुद्रावरून आणली तिला,
आणि समुद्राबद्दल ती कधी बोलली नाही.
एवढंच आमच्यापर्यंत पोचलं,
तिचं न बोलणं.

दुपारी मिरवणूक आहे, लाल सरबत आहे,
भाऊ नेहमीसारखं मांस करपवणार आहे.
जाईन. आधी हे.

कान बुडतात. जग मिटतं.
छातीतला ठोका केवढा मोठा,
माझा की आणखी कुणाचा, विचारत नाही.
बोटं एकेक करून सुटतात,
करंगळी सगळ्यांत शेवटी.

वर आभाळ. खाली कुणी नाही.
तीन सेकंद.

मग नाकात पाणी, ठसका, दोन शिव्या.
पोरगा हसतो, हात पुढे करतो.
"पुन्हा," मी म्हणते,
"आणि या वेळी धरायचं नाही."