सात अक्षरं

शहापुरात, माझ्या दुकानावरच्या खोलीत
दोन वर्षं राहिला इजिप्तचा एक पोरगा.
डॉक्टरकी शिकायला आलेला. नाव मीना.
शेवंता आधी म्हणाली, "परक्याची पोरगी कशी ठेवायची वरती?"
मग दाढी बघून हसत सुटली.

मनगटाच्या आत बारकं गोंदण, निळा क्रूस,
आमच्या आईच्या कपाळावरच्यासारखा जरा पसरलेला.
निम्म्याहून जास्त वर्ष उपासाचं.
दूध नको, तूप नको, अंडं तर नाहीच.
शेजारचे चौगुले हळूच विचारून गेले,
"जैन काय की हो हा?"

मी पाट्या रंगवतो.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
इंचांचं माप ठरलेलं,
आणि कधी एका रात्रीत सगळ्यावर डांबर.
सकाळी मालक दारात, "भरमाणी, पुन्हा काढ की."
घासताना खालचं वर येतं:
सायकल दुकानाखाली बिडी, बिडीखाली सोडा-लेमन,
त्याखाली माझ्या बापाचा हात,
त्याची ती फुगीर वेलांटी.

हे बघत तो पायरीवर बसला
आणि त्याच्या गावच्या चर्चचं सांगू लागला.
सोळाशे वर्षांचं, म्हणाला.
रस्ता वर वर चढत गेला, ते जागेवरच राहिलं,
आता अकरा पायऱ्या उतरून आत जायचं.
खांब त्याच्याही आधीच्या कुठल्या देवाचे,
एक तर उलटाच लावलाय.
छत म्हणजे पालथी घातलेली होडी.
पूर आला की नदी वेदीपर्यंत,
आणि माणसं गुडघाभर पाण्यात उभी.
एका राजवटीत घंटा बंद. शंभर वर्षं? तीनशे?
आजोबा गिर्गिस सांगायचे, घंटेत मधाचं पोळं धरलं होतं.
भिंतीवर संत, संतावर चुना, चुन्यावर दुसरा संत.
पहिल्याचा एक डोळा
दुसऱ्याच्या खांद्यातून बघतो.

"कुणी पुसलं?"
"कधी राजाच्या माणसांनी. कधी आमच्याच पाद्र्यांनी,
नवा रंग आवडला म्हणून."

आजोबा आंधळे. सगळी प्रार्थना तोंडपाठ,
आणि ती ज्या भाषेत, ती घरी कुणीच बोलत नाही.
मीठ मागायला तिचा उपयोग नाही,
खरं देवाला हाक मारायची तर तीच.
मी ब्रश रॉकेलात ठेवला.

त्यानं खडूनं अक्षरं काढली.
बरीचशी म्हणे ग्रीकांकडून आणलेली.
सात तेवढी घरची, फार जुनी,
कारण ते आवाज ग्रीकांच्या तोंडात नव्हतेच.
"जसा आमचा ळ," मी म्हणालो,
आणि दोन्ही काढून दाखवले, मराठीतला, कन्नडमधला.
त्याला जमेना. बेलगाव. बेडगाव. बेरगाव.
शेवंता आतून ओरडली, "जीभ मागं वळव की रे!"

परवा त्याचा फोन. आजोबा गेले.
येत होतं तेवढं त्यानं म्हटलं,
मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत,
तेवढा वेळ नुसता उभा राहिला.

गणाचारी किराणाची पाटी हातात होती.
पहिला पांढरा वाळल्यावर
आठवतील तशी सात अक्षरं काढली.
एखादं उलटं आलं असेल.
मग दुसरा हात मारला.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक.
मालकानं पन्नास रुपये कापले,
म्हणे ळ जरा वाकडा आलाय.