पाच घरांचा नळ

रात्रशाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो.
फळ्यावर लिहितो: सत्तेचे विभाजन, गुण पाच.
दिवसभर गॅरेजात राबलेली पोरं
जांभया देत उतरवून घेतात.

इकडे भांडुपच्या टेकडीवर
पालिकेनं पाच घरांत मिळून एक नळ दिला,
आणि पहिल्याच रात्री अडलं:
कुलूप ठीक, पण किल्ली कुणाकडे?

घाडशीकाकू म्हणाल्या, माझ्याकडे,
नळ माझ्याच पायरीशी आहे.
म्हणून तर नको, जुलेखा म्हणाली.
मी चपापलो.
हे एवढं शिकवायला मला तीन तासिका लागतात.

तासभर घासाघीस झाली.
किल्ली अखेर काकूंकडेच राहिली, पण वही जुलेखाकडे,
आणि तंटा झाला तर निवाडा पोन्नम्मांचा,
कारण त्या दोघींशीही बोलत नव्हत्या.

शेलारांनी हात वर केला नाही.
हे मला मान्य नाही, लिहून घ्या, म्हणाले.
लिहून घेतलं.
सकाळी त्यांचाही हंडा रांगेत होता.
काकूंनी तो काठोकाठ भरू दिला.

मग शेलारांच्या माळ्यावर लालमन आला,
रंगारी, भाड्यानं राहणारा.
पाणी सुटलं की त्याचीही एक बादली.
पुस्तक सांगतं,
रस्त्यानं चाललात म्हणजे राज्य मानलंत.
तसं पाणी प्यायला म्हणजे आमचे नियम मानले?
त्याला विचारलं तर हसला.
मानायला मला कुणी विचारलंच कुठे, मास्तर?
मी अर्ज काढून पाहिला.
रकाने पाचच होते.

परवा काकू तातडीनं गावाला गेल्या,
किल्ली कनवटीला तशीच.
दोन दिवस आम्ही कुलपाभोवती उभे,
जसं काही तेच बोलेल.
तिसऱ्या दिवशी लालमननं हातोडा आणला,
उगारला, आणि थांबला.
आमच्याकडे पाहत राहिला.

हात वर करा, जुलेखा म्हणाली.
पोन्नम्मांनी केला. मी केला.
शेलारांनी केला, तोंड फिरवून.
लालमननं हातोडा डाव्या हाती घेतला
आणि उजवा वर केला.

जुलेखानं स्वतःचा धरून मोजले: पाच.
पण काकू तर गावी होत्या.
मी पुन्हा मोजले.

नवं कुलूप एकशे चाळीसचं, वहीत आहे.
त्याला दोन किल्ल्या आहेत.
दुसरी कुणाकडे, यावर रविवारी बसायचंय.